खासगी राजकीय मत आणि खुर्ची: रेघ नेमकी कुठे ओढायची?

चिंचेची_सावली (धागाकर्ती)

सोसायटीचा अध्यक्ष, शाळेची मुख्याध्यापिका, ट्रस्टचा विश्वस्त, कंपनीचा सीईओ, पालिकेचा आयुक्त. ही सगळी माणसं मतदान करतात, म्हणजे त्यांना राजकीय मत आहेच. ते मत त्यांच्या कामात किती उतरावं? आणि उलट बाजूने, त्या मतापायी त्यांची खुर्ची जावी का?

वादासाठी एक जुनं प्रकरण घेऊ, म्हणजे इथले पक्ष मध्ये येणार नाहीत. ब्रेंडन आइक, जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा बनवणारा. २४ मार्च २०१४ ला मोझिलाने, म्हणजे फायरफॉक्स ब्राउझरवाल्यांनी, त्याला सीईओ नेमलं आणि ३ एप्रिलला तो पायउतार झाला. पुरते दोन आठवडेही नाहीत. कारण काय, तर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह रोखणाऱ्या 'प्रपोझिशन ८'साठी त्याने स्वतःच्या खिशातून १००० डॉलर दिले होते. ऑफिसात कुणावर अन्याय केला, हा मुख्य आक्षेप नव्हताच.

माझं मत: राजकीय मत चपलेसारखं दाराबाहेर काढून आत यावं. आत काय करता तेवढंच मोजावं. पटतंय का?

---

शनिवारपेठी

चपला बाहेर काढल्या की चोरीला जातात. मत मात्र कुणी नेत नाही, कितीही जुनं असलं तरी.

---

कलमकसाई

धागाकर्तीने पाच खुर्च्या एका सतरंजीवर बसवल्या आहेत. कायदा त्यांना एका सतरंजीवर बसवत नाही.

सर्वांत कडक बंधन सरकारी नोकरावर आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९, नियम ५ वाचा. पक्षाचं सदस्यत्व नाही, पक्षाला वर्गणी नाही, प्रचार नाही. मतदान करता येतं, पण कुणाला करणार किंवा कुणाला केलं याचा सुगावासुद्धा लागू द्यायचा नाही. अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावलं तर तो निवडणुकीत वजन वापरण्याचा प्रकार मानतात. गाडीच्या मागच्या काचेवरचं ते गोजिरवाणं स्टिकर म्हणजे 'हौस' नव्हे.

लोक इथे चुकतात ते घरच्यांच्या बाबतीत. अधिकाऱ्याची पत्नी किंवा पती पक्षात असले, निवडणूक लढवत असले, तरी तेवढ्याने नियम मोडत नाही. कायदेशीर सरकार उलथण्याच्या चळवळीत घरचं कुणी असेल तर त्याला रोखायचा प्रयत्न करायचा आणि जमत नसेल तर सरकारला कळवायचं, एवढंच तिथे आहे. नियम मोडतो तो अधिकारी स्वतः प्रचारफेरीत चालला किंवा सरकारी गाडी फिरली तर.

शिवाय लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३४अ: सरकारी नोकर उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद.

पण एवढं सगळं असूनही नियम 'मत असू नये' म्हणत नाही. 'दाखवू नये' म्हणतो.

---

मुठेकाठचा

@कलमकसाई, 'दाखवू नये' म्हणजे मनात असलं तरी चालेल? मग फायलीवर सही करताना ते मन कुठे जातं?

---

कलमकसाई

मन तपासायला गेलं की काय होतं त्याचा दाखला आहे. मध्य प्रदेशातला एक शिक्षक नगरपालिकेच्या शाळेत होता. १९७१ मध्ये शाळा सरकारकडे गेली, तोही सरकारी सेवेत आला. पुढे पोलिसांचा अहवाल आला की हा पूर्वी संघ आणि जनसंघाच्या कार्यक्रमांत भाग घेत असे. १९७४ मध्ये नोकरी गेली. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने (न्या. चिन्नप्पा रेड्डी) शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. जुन्या राजकीय मतांचा पोलिसी दाखला पाहून नोकरी नाकारणं समानतेत आणि स्वातंत्र्यात बसत नाही, असा त्याचा आशय.

शिक्षक उजवीकडचा होता म्हणून निकाल उजवा झाला नाही. उद्या डाव्या संघटनेतल्या माणसाची नोकरी गेली तर तोच निकाल त्यालाही कामाला येतो.

---

तिसरा_मजला

इथे एक सूक्ष्म गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. आमदाराची शपथ आणि मंत्र्याची शपथ वेगळी आहे. संविधानाची तिसरी अनुसूची काढून शेजारीशेजारी ठेवा. आमदार म्हणतो: संविधानाशी निष्ठा, देशाचं सार्वभौमत्व, कर्तव्य निष्ठापूर्वक पार पाडीन. संपलं. मंत्री म्हणतो: निर्भयपणे, 'कोणाविषयीही ममत्वभाव किंवा आकस न बाळगता' सर्व तऱ्हेच्या लोकांना न्याय्य वागणूक देईन.

म्हणजे प्रतिनिधीला ममत्व असायला हरकत नाही. तो एका बाजूचा म्हणूनच निवडून येतो. त्याच माणसाच्या हातात खातं दिलं की त्याच्याकडून वेगळा शब्द घेतात. माणूस तोच, पक्ष तोच, मतही तेच. शपथ घेणाऱ्याला मत सोडायला कुणी सांगत नाही, आकस सोडायला सांगतात.

सभापतीचं आणखी वेगळं. दहाव्या अनुसूचीतला परिच्छेद ५ सभापतीला पद मिळाल्यावर पक्ष सोडायची आणि पद सोडल्यावर परत यायची मुभा देतो, पक्षांतराचा ठपका न बसता. सक्ती मात्र नाही. १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डींनी लोकसभेचे सभापती झाल्यावर पक्ष सोडला. २००८ मध्ये सोमनाथ चॅटर्जींना पक्षाने पद सोडायला सांगितलं, त्यांनी सोडलं नाही, पक्षाने त्यांनाच काढलं. बहुतेक सभापतींनी ही मुभा वापरलेलीच नाही.

---

भोचक_भवानी

वाचनखूण साठवली. आकस नसलेला मंत्री दिसला की फोटो टाकते.

---

तुळशीबाग_एक्सप्रेस

न्यायाधीशांचं कुणीच काढलं नाही?

कृष्ण अय्यर: १९५७ च्या केरळच्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री, पुढे केरळ उच्च न्यायालयात, १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. बहरुल इस्लाम: काँग्रेसचे राज्यसभा सदस्य, १९७२ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, १९८० मध्ये निवृत्त होऊन त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात, १९८३ मध्ये राजीनामा आणि त्याच वर्षी पुन्हा राज्यसभेत.

दोघेही राजकारणातून आले. पण नाव काढलं की लोकांच्या चेहऱ्यावर वेगवेगळे भाव येतात. का, ते सांगा.

---

तिसरा_मजला

@तुळशीबाग_एक्सप्रेस, कारण अय्यर आले आणि पुन्हा मंत्रिपदावर किंवा सभागृहात गेले नाहीत. येण्याचं दार एकदाच वापरलं तर लोक माफ करतात. खुर्चीवर असताना पुढच्या खुर्चीचा वास लागला की आधीचे सगळे निकाल पुन्हा उघडून वाचले जातात, ते बरोबर असले तरी. म्हणून निवृत्तीनंतर ठरावीक काळ राजकीय पद नको, अशी मागणी अधूनमधून होते.

---

सुधारकी

पुण्याचा धागा आहे आणि अजून कुणी आगरकर काढले नाहीत, हे आश्चर्य.

'केसरी' ४ जानेवारी १८८१ ला सुरू झाला, संपादक आगरकर. राजकारणावर मंडळींचं एकमत होतं, सामाजिक सुधारणेवर नव्हतं. संपादकाचं मत एक, पत्र चालवणाऱ्या बाकीच्यांचं दुसरं. १८८७ मध्ये आगरकरांनी संपादकपद सोडलं, १८८८ मध्ये स्वतःचा 'सुधारक' काढला. संस्थेच्या नावावर आपलं मत चालवण्यापेक्षा आपलं मत आपल्या नावावर चालवलं.

खरी गंमत पुढे. १८९२ मध्ये वामन शिवराम आपटे वारल्यावर हेच आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्या काळच्या पुण्यात देव न मानणारा, जिवंतपणी ज्याची प्रेतयात्रा काढली गेली तो माणूस. १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते प्राचार्य होते. 'सुधारक'मधला आगरकर आणि वर्गातला आगरकर वेगळे ठेवता येतात, यावर डेक्कन एज्युकेशन सोसायटीने पैज लावली होती असं म्हणा.

---

कोथरूड_डेपो

@सुधारकी, तोच काळ दुसऱ्या टोकाने बघा. न्या. रानडे सरकारी न्यायाधीश. सार्वजनिक सभेचा (पुण्यातली राजकीय संस्था, स्थापना १८७०) मेंदू तेच, पण नोकरीमुळे पदाधिकारी दुसरे. मे १८७९ मध्ये बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आग लागली, वासुदेव बळवंतांचं बंड चालू होतं, आणि रानड्यांची धुळ्याला बदली झाली. निकालपत्रांत खोट काढता आली नाही, संशय मताचाच होता. धागाकर्तीच्या प्रश्नाचं हे दीडशे वर्षं जुनं उत्तर: मतावरून शिक्षा करायला लागलं की सर्वांत सावध माणूसही सुटत नाही.

१८९५ च्या पुणे काँग्रेसच्या वेळी रानड्यांची सामाजिक परिषद त्याच मांडवात भरवायला विरोध झाला. रानड्यांनी परिषद दुसरीकडे नेली. मत सोडलं नाही, मांडव सोडला.

---

शनिवारपेठी

आता मांडव सोडायला सांगितलं तर मांडवाचं भाडं कोण देणार यावर तीन सभा होतील.

---

सुधारकी

आणि १८९५ मध्येच सार्वजनिक सभा टिळक पक्षाच्या हाती गेली, तेव्हा रानडे-गोखले मंडळींनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. एका गटाच्या हाती सगळी कार्यकारिणी गेली की संस्था फुटते. प्रमुखाचं मत फार तीव्र होतं म्हणून फुटली नाही. निवडणुकीच्या दिवशी सभासदांची यादी ज्याच्या हातात, त्याची संस्था झाली. संस्था सांभाळायची तर यादी सांभाळा: नवे सभासद मतदानाच्या किती दिवस आधीपर्यंत घ्यायचे ते घटनेत लिहून ठेवा. बहुतेक संस्थांच्या घटनेत ते नसतं.

---

पगारपत्रक

इतिहास छान आहे, पण आजची गळती बघा. मत 'खासगी' राहतं कुठे?

पक्षाला देणगी दिली की आयकरात वजावट मिळते (१९६१ च्या कायद्यात कलम ८०जीजीसी), रोख दिली नसेल तर. लोक उत्साहाने ही पावती कंपनीच्या पगार विभागाला देतात, टीडीएस कमी व्हावा म्हणून. झालं, तुमचा पक्ष एचआरला कळला. ही वजावट थेट विवरणपत्रात घेता येते, कंपनीला सांगायची गरज नाही. टीडीएस थोडा जास्त कापला जाईल, तो परतावा म्हणून मिळेल. आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मिळतच नाही, म्हणजे पावती देऊन कर वाचतही नाही, फक्त गुपित जातं.

दुसरी गळती: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९क प्रमाणे पक्षाला एका आर्थिक वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त देणाऱ्यांची यादी निवडणूक आयोगाला द्यावी लागते. नाव, पत्ता, पॅन, रक्कम. आयोग ती संकेतस्थळावर टाकतो. आइकचं नाव असंच बाहेर आलं: कॅलिफोर्नियात १०० डॉलर किंवा जास्त दिले की नावासोबत नोकरीचं ठिकाणही नोंदवतात. आपल्या यादीत नोकरीचा रकाना नाही. पण नाव शोधखिडकीत टाकायला कितीसा वेळ लागतो?

म्हणजे २०,००० च्या आत दिलं तर खासगी, वर दिलं तर जाहीर. ही रेघ कायद्यानेच ओढली आहे.

---

शुद्धलेखन_पोलीस

शीर्षकात 'खासगी' लिहिलंय त्याबद्दल अभिनंदन. नाहीतर अर्धं पुणं 'खाजगी' लिहितं. मूळ 'खास'.

---

भोचक_भवानी

खाज असली की खाजगी.

---

शुद्धलेखन_पोलीस

असल्या व्युत्पत्तीमुळेच भाषा बुडते आहे. (हसलो, पण.)

---

लेखापरीक्षक_बुवा

पगारपत्रकांनी व्यक्तीचे पैसे सांगितले, मी कंपनीचे सांगतो. खरा घोळ तिथे होतो: मत सीईओचं आणि पैसा भागधारकांचा.

कंपनी कायदा २०१३, कलम १८२. सरकारी कंपनीला आणि तीन आर्थिक वर्षं पूर्ण न झालेल्या कंपनीला पक्षाला पैसे देता येत नाहीत. बाकीच्यांना मर्यादा: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्के. नफे २, ३ आणि ४ कोटी असतील तर सरासरी ३ कोटी, मर्यादा २२.५ लाख. ही मर्यादा २०१७ मध्ये काढली होती. १५ फेब्रुवारी २०२४ च्या निवडणूक रोखे निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. मर्यादा परत आली आणि कोणत्या पक्षाला दिले ते नफातोटा पत्रकात लिहिणंही परत आलं. अजूनही 'मर्यादा नाही' असं सांगणारे सल्लागार भेटतात.

पायऱ्या: संचालक मंडळाची बैठक, तिथे ठराव (फिरवून सह्या घेतलेला चालत नाही), पैसे चेकने किंवा बँकेतून, रोख नाही, आणि नफातोटा पत्रकात रक्कम व पक्षाचं नाव. चुकलं तर कंपनीला दिलेल्या रकमेच्या पाचपटीपर्यंत दंड, जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदही.

आणि हमखास फसणारी जागा: स्मरणिका. पक्षाच्या अधिवेशनाच्या स्मरणिकेत कंपनीने पानभर 'हार्दिक शुभेच्छा' दिल्या तर तो जाहिरात खर्च नव्हे, कलम १८२ च्या हिशोबाने देणगी. आयकरातही तो खर्च नामंजूर (१९६१ च्या कायद्यात कलम ३७(२ब)). मार्केटिंगवाले 'जाहिरात' खात्यात टाकतात, ठराव नसतो आणि तीन वर्षांनी तपासणीत सापडतं.

---

मुठेकाठचा

@लेखापरीक्षक_बुवा, एवढं असताना उद्योगपतींनी बोलावं तरी कसं? राहुल बजाज २००६ मध्ये अपक्ष म्हणून राज्यसभेत गेले, आणि ३० नोव्हेंबर २०१९ ला मुंबईत भर व्यासपीठावर अमित शाहांसमोर म्हणाले की टीका करायला लोक घाबरतात. ते बजाज समूहाचं मत होतं की बजाजांचं?

---

लेखापरीक्षक_बुवा

कायद्याच्या दृष्टीने बजाजांचं. बाजाराच्या दृष्टीने दोन्ही. हा वाद नवा नाही. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टीलने पक्षांना पैसे देता यावेत म्हणून कंपनीच्या घटनापत्रात बदल मागितला. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागलांनी परवानगी दिली, पण बड्या उद्योगांचा पैसा लोकशाहीला घातक ठरू शकतो असा स्पष्ट इशाराही दिला. १९६९ मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. म्हणजे सोळा वर्षं आपण 'मत ठेवा, तिजोरी नको' हे करून बघितलं. काळा पैसा थांबला नाही, एवढं खरं.

---

भरती_बंद

पैशाचा माग लागतो. माणसं निवडताना मत उतरतं त्याचा माग लागत नाही, म्हणून मला ते जास्त घातक वाटतं.

कसं उतरतं? मुलाखतीच्या कागदावर 'संस्कृतीशी जुळतो का' असा १० गुणांचा रकाना असतो. तिथे जात, गाव, आहार, पक्ष, सगळं मावतं. उमेदवाराने 'विद्यार्थी संघटनेत सरचिटणीस' लिहिलं की समोरचा संघटनेचं नाव बघतो आणि त्या रकान्यात ७ चे ३ होतात.

करायचं ते असं. सगळ्या उमेदवारांना तेच पाच-सहा प्रश्न, त्याच क्रमाने. तिघांचं मंडळ असेल तर प्रत्येकाने आपापले गुण चर्चेआधी लिहून द्यायचे, नाहीतर साहेब आधी बोलतात आणि बाकीचे त्यांच्या आकड्याच्या आसपास घुटमळतात. तो जुळण्याचा रकाना काढून 'दिलेलं काम वेळेत पोचवल्याचं उदाहरण' असा रकाना ठेवा. दोघांच्या गुणांत तीनपेक्षा जास्त फरक असेल तर कारण एका ओळीत लिहायचं. आकस लिहून दाखवावा लागला की तो निम्मा होतो.

खासगी नोकरीत कायदा फारशी मदत करत नाही, हे लक्षात ठेवा. अनुच्छेद १६ सरकारी नोकरीपुरता, आणि त्याच्या यादीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास आहे, 'राजकीय मत' नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १११ क्रमांकाच्या करारात ते आहे, भारताने तो १९६० मध्ये मान्यही केला. पण तो करार हातात घेऊन कुणी हिंजवडीच्या गेटवर उभं राहू शकत नाही.

---

कलमकसाई

पुरवणी: कारखान्यातला कामगार असेल तर महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्यात चौथ्या अनुसूचीची पाचवी बाब आहे, गुणवत्ता न बघता एका गटाला झुकतं माप देणं. व्यवस्थापकांना ती लागू नाही. ज्यांच्या मतामुळे त्रास होतो आणि ज्यांना त्रास होतो, त्यांत कायदा फक्त खालच्यांना छत्री देतो. ठीकच आहे.

आणि मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ब. मालकाचा पक्ष कुठलाही असो. न देणाऱ्याला दंड मात्र फक्त ५०० रुपयांपर्यंत.

---

शनिवारपेठी

५०० त दोघांची मिसळ होते, तीही जादा पाव न घेता.

---

सोसायटी_सचिव_नव्हे

सीईओ राहू द्या, सोसायटीवर या. पुण्यात नव्वद टक्के भांडणं तिथली आहेत (आकडा माझा, पुरावा मागू नका).

निवडणुकीच्या आधी इच्छुक येतो: गेट रंगवून देतो, सीसीटीव्ही बसवून देतो, पेव्हर ब्लॉक टाकतो. बदल्यात 'समस्त रहिवाशांतर्फे आभार' असा फ्लेक्स. अध्यक्ष त्याच पक्षाचा असला की होकार व्हॉट्सअॅपवरच जातो. चार चुका एका दमात:

एक, भिंत आणि गेट अध्यक्षाची नाहीत, सोसायटीची आहेत. समितीच्या ठरावाशिवाय परवानगी देता येत नाही. दोन, 'समस्त' म्हणायला समस्तांना विचारलेलं नसतं. तीन, मतांच्या बदल्यात वस्तू स्वीकारणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० खाली लाच ठरू शकतं, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याचीही. चार, कॅमेरे बसतात, पण देखभालीचा करार नसतो. वर्षभरात हार्ड डिस्क जाते आणि दुरुस्तीचं बिल सगळ्यांच्या मेंटेनन्समध्ये येतं. पक्ष कुठलाही असो, चौथी चूक हमखास होते.

उपाय: समितीच्या पहिल्याच बैठकीत तीन ओळींचा ठराव. सोसायटीचं नाव, लेटरहेड, भिंत आणि ग्रुप कुठल्याही पक्षासाठी वापरणार नाही. राजकीय व्यक्तीकडून काही घ्यायचं तर सर्वसाधारण सभेतच. ज्या सदस्याचा त्यात संबंध, त्याने आधी सांगायचं, चर्चेतून उठायचं आणि इतिवृत्तात 'श्री. अमुक सभेतून बाहेर गेले, ७:४०' असं लिहायचं. वेळ लिहा. नुसतं 'तटस्थ राहिले' लिहिलं तर तो खुर्चीवर बसून डोळे वटारत होता की नाही ते कळत नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत असतेच, तिथे कायम करून घ्या.

---

तुळशीबाग_एक्सप्रेस

आणि ग्रुपचं काय? अध्यक्ष सकाळी 'पाणी येणार नाही' टाकतो, दुपारी पक्षाचा व्हिडिओ.

---

सोसायटी_सचिव_नव्हे

दोन ग्रुप. सूचनांचा ग्रुप 'फक्त अॅडमिन पाठवू शकतात' वर, आणि अॅडमिन दोघे, शक्यतो वेगवेगळ्या इमारतींचे. गप्पांचा ग्रुप वेगळा, त्याला सोसायटीचं नाव नको, 'गच्ची' म्हणा. सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टला अॅडमिन केवळ अॅडमिन म्हणून जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. पण अध्यक्ष स्वतःच टाकतो तेव्हा हा आधार कामाचा नाही.

कंपन्यांतही हाच घोळ: एकाच फोनमध्ये साहेबांचं खातं आणि कंपनीचं अधिकृत खातं. रात्री अकराला चुकीच्या खात्यावरून मत पडतं आणि 'खातं हॅक झालं' असं निवेदन येतं. अधिकृत खातं वेगळ्या फोनवर, टाकणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा, इतकं साधं आहे.

---

कोथरूड_डेपो

शिक्षकांना यातून वगळा बरं का. संविधानच त्यांना राजकारणात बोलावतं. अनुच्छेद १७१: विधान परिषदेतल्या एक बारांश जागा शिक्षकांनी निवडायच्या. महाराष्ट्रात ७८ पैकी ७, पुणे विभागाची एक.

---

कलमकसाई

@कोथरूड_डेपो, मतदार म्हणून बोलावतं, वर्गात नव्हे. फळ्यावर उमेदवाराचं नाव लिहायची सोय १७१ मध्ये नाही.

---

चिंचेची_सावली

सगळे प्रतिसाद वाचले. आता परत आइककडे या. इथल्या कसोट्या लावल्या तर तो सगळ्यांत उत्तीर्ण होतो: पैसा स्वतःचा, भिंत कंपनीची नाही, भरतीत दुजाभावाचा आरोप नाही. मग त्याला जावं लागलं हे चूकच ना?

---

भरती_बंद

नाही. मला तो निम्माच उत्तीर्ण वाटतो. करप्रणालीवर मत असणं वेगळं, आणि आपल्याच हाताखालच्या काही माणसांचं लग्न कायद्याने होऊ नये म्हणून पैसे देणं वेगळं. उद्या त्यातलाच कुणी बढतीसाठी समोर बसला आणि ती मिळाली नाही, तर कारण गुणांचं आहे हे त्याला कसं पटवणार? आकस नसला तरी आकसाची शंका कायमची बसते, आणि सीईओची अर्धी नोकरी ती शंका बसू न देण्याचीच आहे.

---

कोथरूड_डेपो

शंकेवर नोकरी जायची तर रानड्यांची धुळ्याची बदलीही योग्यच म्हणा! साहेबालाही शंकाच होती.

---

भरती_बंद

रानड्यांवर शंका सरकारने घेतली, ज्याच्या हातात बदलीचा शिक्का होता. आइकवर शंका घेतली त्याच्या हाताखालच्या माणसांनी आणि फायरफॉक्स वापरणाऱ्यांनी. वरून खाली आणि खालून वर यांत फरक आहे की नाही?

---

तिसरा_मजला

फरक आहे, पण खालून वर येणारी झुंडही असू शकते. ओकेक्युपिड या जोड्या जुळवणाऱ्या संकेतस्थळाने तेव्हा फायरफॉक्सवरून येणाऱ्यांना 'दुसरा ब्राउझर वापरा' असा संदेश दाखवला होता. शिवाय कॅलिफोर्नियाच्या श्रम संहितेत ११०१ आणि ११०२ ही कलमं आहेत: मालकाने नोकराच्या राजकीय वागणुकीवर दबाव आणायचा नाही. कदाचित म्हणूनच मोझिलाने 'काढलं' असं म्हटलं नाही, तो स्वतःहून गेला असंच म्हटलं. कागदावर राजीनामा आणि प्रत्यक्षात दबाव, हे आपल्याला काही नवीन नाही.

माझ्या मते चूक नेमणाऱ्यांची. देणगी २०१२ पासून सार्वजनिक चर्चेत होती. मंडळाने नेमणुकीआधी ती समोर ठेवून विचारायला हवं होतं: लोक विचारतील, तुमचं उत्तर काय? उत्तर ऐकून मग नेमायचं किंवा नाही. नेमून दोन आठवड्यांत हात झटकायचे, यात ना मताचा मान राहिला ना खुर्चीचा.

---

चिंचेची_सावली

हे पटलं. चपलेची उपमा मागे घेते. चपला बाहेर काढल्या तरी पायाचे ठसे फरशीवर उमटतातच.

---

शनिवारपेठी

फरशी पुसायची पाळी कुणाची, हे इतिवृत्तात लिहिलंय का? वेळेसकट?

---

आडबाजूचा_वाचक

फक्त वाचत होतो. एक व्यावहारिक प्रश्न, लेखापरीक्षक_बुवांना. स्मरणिकेतल्या जाहिरातीचं बिल आधीच दिलं असेल, ठराव झाला नसेल, तर मागच्या तारखेचा ठराव करून घेतला तर चालतं ना?

---

लेखापरीक्षक_बुवा

अजिबात नाही! मागच्या तारखेचा ठराव म्हणजे खोटा दस्तऐवज, एकाच्या दोन चुका. पुढच्या बैठकीत खरी तारीख घालून विषय घ्या. रक्कम किती, कुणी दिली, कुणाच्या सांगण्यावरून, हे इतिवृत्तात येऊ द्या. वर्ष बंद झालं नसेल तर नोंद 'जाहिरात'मधून काढून 'राजकीय देणगी'त टाका, पक्षाचं नाव लिहा, ७.५ टक्क्यांत बसते का ते बघा, करगणनेत तो खर्च नफ्यात परत जोडा. यामुळे ठराव नसल्याचा दोष पुसला जात नाही, तेवढ्यासाठी कंपनी सचिवांना आजच विचारा. आणि ज्यांच्या सांगण्यावरून जाहिरात गेली त्यांनी रक्कम स्वतःच्या खिशातून कंपनीला भरून द्यावी का, हा विषयही त्याच बैठकीत घ्या. त्या चर्चेला ते स्वतः बाहेर.

---

सोसायटी_सचिव_नव्हे

७:४० ला.